जहाजाच्या गंजाचा हिशेब

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. इथलं पाणी वैनगंगेचं, माजी मालगुजारी तलावांचं आणि विहिरींचं. तरीही समुद्रातली जहाजं गंजण्यापासून कशी वाचवली गेली, याचा इतिहास उलगडायला घेतला की भंडाऱ्याच्या ओळखीचे धातू पुन्हा पुन्हा भेटत राहतात. तांबं आणि जस्त, ज्यांच्या मिश्रणातून इथली पितळी भांडी घडली. आणि मँगनीज, जे तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या खाणींतून आजही निघतं. या धातूंचं खाऱ्या पाण्यातलं आपसातलं वैर समजून घेता घेता माणसानं जहाज वाचवण्याची विद्या उभी केली. गंज का चढतो, याचं उत्तर त्याला बरंच लवकर सापडलं. तो थांबवायला संरक्षण किती लागेल आणि नेमकं कुठे लागेल, याचं उत्तर मिळायला मात्र त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं गेली. ते उत्तर संगणकावरच्या गणितातून आलं.

सुरुवात लाकडी जहाजांपासून करावी लागते. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो नावाचा जीव जहाजाचा तळ चाळणीसारखा करून टाकतो. शिवाय शेवाळ आणि बार्नेकल नावाचे कवचधारी जीव चिकटून तळ खरबरीत झाला की जहाजाचा वेग घटतो. पश्चिम किनाऱ्यावर सागवानी तळाला चुना आणि तेलाचा लेप देण्याची रीत होती. ब्रिटिश नौदलानं १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या फ्रिगेट युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. जहाज वेस्ट इंडीजच्या समुद्रात फिरून आलं आणि १७६३ मध्ये त्याची तपासणी झाली. तांब्यानं किड्याला आणि शेवाळाला रोखलं होतं. पण पत्रे जिथे लोखंडी खिळ्यांना टेकले होते तिथे खिळे झिजून गेले होते. काही खिळे तेवढे धडधाकट राहिले होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी तसाच राहून गेला होता, आणि त्यानं लोखंड आणि तांबं यांना एकमेकांपासून वेगळं ठेवलं होतं.

व्होल्टाची विद्युतघटमाला यायला अजून सदतीस वर्षं होती. त्यामुळे त्या कागदानं नेमकं काय अडवलं, हे सांगणारी भाषाच तेव्हा कुणाकडे नव्हती. नौदलानं व्यवहारी तोडगा काढला. जहाजाच्या पाण्याखालच्या भागातले लोखंडी खिळे आणि बोल्ट काढून त्यांच्या जागी तांब्याच्या मिश्रधातूचे वापरायला सुरुवात केली. १७८० च्या दशकात जवळजवळ सगळ्या ब्रिटिश आरमाराच्या तळाला तांबं चढलं.

याच काळात मुंबईची गोदी भरभराटीला येत होती. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यानं इथे सागवानी जहाजं बांधली. १८१० चं ‘मिंडेन’ आणि १८१७ चं ‘त्रिंकोमाली’ ही त्यांतली नावाजलेली. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगतं आहे. मलबारचं सागवान इतकं टिकाऊ होतं की जहाजाचा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिके. झिजायचा तो तळाचा तांब्याचा पत्रा. खाऱ्या पाण्यात तांबंही हळूहळू विरघळतं. ते सारखं बदलत राहण्याचा खर्च नौदलाला जड जाऊ लागला, तेव्हा त्यानं रॉयल सोसायटीकडे सल्ला मागितला. सोसायटीचे अध्यक्ष होते सर हम्फ्री डेव्ही.

डेव्हींनी २२ जानेवारी १८२४ रोजी सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. त्यांची कल्पना साधी होती आणि अचूक होती. तांबं विरघळतं ते विद्युत क्रियेमुळे. मग तांब्यापेक्षा लवकर विरघळणारा एखादा धातू, म्हणजे जस्त किंवा लोखंड, त्याला जोडून दिला तर तो धातू झिजेल आणि तांबं वाचेल. ‘अलार्म’वर ज्या नात्यानं खिळ्यांचा जीव घेतला होता, तेच नातं डेव्हींनी उलट बाजूनं कामाला लावलं.

चाचणीसाठी निवडलेल्या जहाजांत ‘सॅमरँग’ नावाचं एक २८ तोफांचं जहाज होतं. ते आपल्या किनाऱ्यावरचं, कोचीनला बांधलेलं, आणि त्याच्या तळाचं तांबंही १८२१ मध्ये भारतातच ठोकलेलं. १८२४ च्या वसंतात ते इंग्लंडमध्ये कोरड्या गोदीत आलं तेव्हा त्याच्या तळावर गंज आणि शेवाळ माजलं होतं. तांब्याच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्याइतका पृष्ठभाग भरेल इतकं लोखंड चार ठिकाणी बसवण्यात आलं. दोन तुकडे नाळेकडे आणि दोन मागच्या बाजूला. जहाज नोव्हा स्कोशियाला जाऊन १८२५ च्या जानेवारीत परत आलं, तेव्हा तांबं शाबूत होतं. समुद्रातल्या विद्युत संरक्षणाच्या पहिल्या मोठ्या प्रयोगांतला एक असा भारतात घडलेल्या जहाजाच्या अंगावर झाला.

डेव्हींनी प्रमाणही तपासलं होतं. संरक्षक धातूचा पृष्ठभाग तांब्याच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या हिश्श्याइतका असेल तर तांबं अजिबात झिजत नाही, दोनशेव्या हिश्श्याच्या खाली गेलं की थोडं झिजू लागतं, आणि अगदी हजाराव्या हिश्श्याइतकं लोखंडही काही प्रमाणात तांब्याला वाचवतं, असं त्यांना आढळलं. पण प्रयोगशाळेतलं भांडं आणि समुद्र यांत फरक होता. संरक्षण दिलेली जहाजं बंदरात उभी राहिली, उष्ण पाण्यात गेली, आणि त्यांच्या तळावर पुन्हा शेवाळ आणि बार्नेकल दाटले. तांबं किड्याला आणि शेवाळाला दूर ठेवायचं ते स्वतः किंचित विरघळून, आपले विषारी क्षार पाण्यात सोडून. डेव्हींनी ते विरघळणं इतकं पुरतं थांबवलं की तांब्याचा मूळ उपयोगच संपला. १८२५ पासून हे संरक्षक तुकडे काढायला सुरुवात झाली, १८२८ पर्यंत ते सगळ्या जहाजांवरून उतरले, आणि १८२९ मध्ये डेव्ही वारले. त्यांचा सिद्धांत खरा होता. हरवलेली गोष्ट होती ती मात्रा. गरज होती ती थोडं झिजू द्यायची आणि थोडं वाचवायची, तेही तळाच्या प्रत्येक भागात वेगळ्या मापानं. इतकं बारीक माप ठरवण्याचं साधन त्या काळात कुणाकडेच नव्हतं.

त्यानंतर पितळ पुढे आलं. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज फ्रेडरिक मुंट्झ यांनी १८३२ मध्ये सुमारे साठ टक्के तांबं आणि चाळीस टक्के जस्त अशा पितळाचं पेटंट घेतलं. हा पत्रा निव्वळ तांब्यापेक्षा स्वस्त होता, आणि शेवाळ दूर ठेवण्याइतपत विरघळतही होता. १८६९ च्या प्रसिद्ध ‘कटी सार्क’ जहाजाच्या तळालाही हाच पत्रा होता. पण खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त आधी निघून जातं आणि मागे तांबूस, सच्छिद्र, ठिसूळ असा तांब्याचा सापळा उरतो. भंडाऱ्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पितळी गुंड किंवा गंगाळ चिंचेनं घासलं आणि चिंच जास्त वेळ तशीच राहिली, की पिवळ्या पितळावर गुलाबीसर डाग उमटतो. तिथलं जस्त गेलेलं असतं आणि तांबं दिसू लागलेलं असतं. स्टीलची भांडी आल्यावर भंडाऱ्याचा पितळी भांड्यांचा धंदा आटला, पण दोन धातूंचं हे नातं इथल्या कासारांच्या हातांना कित्येक पिढ्या माहीत होतं.

पुढे जहाजंच लोखंडाची आणि मग पोलादाची झाली. तांब्याचा पत्रा लोखंडी तळाला लावणं म्हणजे ‘अलार्म’च्या खिळ्यांची गत अख्ख्या जहाजाची करणं. म्हणून तळाला रंग आला, आणि शेवाळ रोखण्याचं काम रंगात मिसळलेल्या विषारी द्रव्यांकडे गेलं. मायकेल फॅरडे यांनी १८३३-३४ मध्ये विद्युत विघटनाचे नियम मांडले होते. त्यांवरून गंजाचा हिशेब किलोत मांडता येऊ लागला. एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून बाहेर पडत राहिला, तर सुमारे नऊ किलो लोखंड पाण्यात जातं. तोच प्रवाह जस्ताकडून घेतला तर सुमारे अकरा किलो जस्त खर्ची पडतं आणि लोखंड वाचतं.

इथून पुढचा प्रवास मध्य प्रांताच्या मातीतून जातो. पोलाद ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात मँगनीज लागतं, हे रॉबर्ट मशेट यांनी १८५० च्या दशकात दाखवून दिलं होतं. पोलादाचं युग सुरू झालं आणि मँगनीजची मागणी वाढली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी १८९६ मध्ये स्थापन झाली आणि नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात खाणी उघडल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ल्युइस फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं, आणि ते जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारत आणि रशिया हे जगातले मँगनीजचे सर्वांत मोठे पुरवठादार होते. तुमसरच्या परिसरातली खनिजं आगगाडीनं बंदरांवर जात आणि तिथून जहाज बांधणाऱ्या देशांच्या पोलाद भट्ट्यांकडे. पुढे १९६२ मध्ये सरकारी भागीदारीतून मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, उभी राहिली.

डोंगरी बुजुर्गची उघडी खाण एका वेगळ्या खनिजासाठी ओळखली जाते. तिथे मँगनीज डायऑक्साइड मिळतं, जे टॉर्चच्या आणि रेडिओच्या सेलमध्ये वापरतात. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये हा घट बनवला. त्यात एका बाजूला मँगनीज डायऑक्साइड असतं आणि दुसऱ्या बाजूला जस्त. सेल वापरत गेलं की जस्ताचं कवच आतून झिजत जातं, आणि झिजण्याच्या बदल्यात प्रवाह देतं. जहाजाच्या तळाला बोल्टनं बसवलेला जस्ताचा ठोकळा हेच काम करतो. फरक एवढाच की इथे समोर पोलादाचं सबंध जहाज असतं आणि मध्ये समुद्र. डोंगरी बुजुर्गला विद्युत विघटनानं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखानाही आहे. तिथलं रोजचं उत्पादन फॅरडेंच्याच नियमानं चालतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर डेव्हींची कल्पना पुन्हा उभी राहिली. कॅनडाच्या नौदलानं १९५० च्या सुमारास मॅग्नेशियमचे ठोकळे जहाजांवर लावून पाहिले. जस्ताच्या बाबतीत एक जुनं कोडं सुटलं. जस्तात लोखंडाचा किंचितसा अंश राहिला, तरी ठोकळ्यावर घट्ट पापुद्रा धरतो आणि त्याचं झिजणं बंद पडतं. मग तो ठोकळा जहाजावर असूनही नसल्यासारखाच. म्हणून जहाजासाठी अत्यंत शुद्ध जस्त बनवलं जाऊ लागलं आणि पुढे ॲल्युमिनियमचे मिश्रधातूही आले. १९५० च्या दशकातच दुसरी पद्धत रुजली. झिजणाऱ्या ठोकळ्याऐवजी, न झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यातून म्हणजे अॅनोडमधून जनरेटरचा प्रवाह समुद्रात सोडायचा आणि तळाचं विभव, म्हणजे विद्युत दाब, एका ठरावीक पातळीवर धरून ठेवायचं. त्यासाठी प्लॅटिनमचा मुलामा दिलेले टायटेनियमचे अॅनोड वापरात आले. सिल्व्हर क्लोराइडच्या मापकाशी तुलना करता पोलादाचं विभव उणे ०.८० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून खाली राहिलं, तर गंज जवळजवळ थांबतो.

म्हणजे प्रश्न पुन्हा डेव्हींच्याच जागी आला. किती आणि कुठे? जहाजाचा तळ सगळीकडे सारखा नसतो. रंग शाबूत असलेल्या पत्र्याला दर चौरस मीटरमागे मोजके मिलिअँपिअर पुरतात. पण प्रोपेलर उघड्या मिश्रधातूचा असतो, बऱ्याचदा तांबं आणि जस्त यांत थोडं मँगनीज घातलेल्या धातूचा, आणि तो फिरत असतो. तो दर चौरस मीटरमागे शेकडो मिलिअँपिअर ओढून घेतो. सुकाण्याचे कोपरे, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या जाळ्या, रंग उडालेले पट्टे, प्रत्येकाची मागणी वेगळी. प्रवाह कमी पडला तर गंज चढतो. जास्त झाला तर अॅनोडजवळचा रंग फुगून सुटतो, आणि अतिमजबूत पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. त्यातच जहाजाला स्वतःचं विभव कळतं ते तळावर बसवलेल्या दोन-चार मापकांतून. मापक चुकीच्या जागी बसला असेल, तर नियंत्रक खोट्या बातमीवर विश्वास ठेवून कारभार करतो.

उत्तर शोधायला आधी जहाजांच्या लहान प्रतिकृती बनल्या. अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेनं फ्लोरिडातल्या की वेस्ट इथे ही पद्धत पक्की केली. तिचं मर्म एका नियमात होतं. जहाज शंभर पट लहान केलं, तर पाण्याची विद्युतवाहकताही शंभर पट कमी करायची. तरच विभवाचा नकाशा खऱ्या जहाजासारखा उमटतो. त्यासाठी समुद्राचं पाणी शुद्ध पाणी घालून पातळ करत. शंभर पट पातळ केलेलं समुद्राचं पाणी वाहकतेत आपल्याकडच्या एखाद्या गोड्या विहिरीच्या पाण्याजवळ येतं. भंडाऱ्यातल्या विहिरीच्या पाण्यात तरंगणारं लहानसं जहाज समुद्रातल्या युद्धनौकेची हकीकत सांगू शकतं, एवढी या नियमाची ताकद आहे.

पण प्रत्येक नव्या आराखड्यासाठी नवी प्रतिकृती बनवणं महागडं आणि वेळखाऊ होतं. दरम्यान गणितवाले तयारीत होते. खाऱ्या पाण्यात विभव कसं पसरतं, हे अठराव्या शतकातले फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या समीकरणातून सांगता येतं. अडचण होती ती जहाजाच्या वाकड्यातिकड्या आकाराची आणि जहाजाभोवतीच्या अथांग पाण्याची. सबंध समुद्राचे छोटे छोटे तुकडे पाडून गणित करायचं, तर १९७० च्या दशकातले संगणक हात टेकायचे. तोड काढली ती सीमा घटक पद्धतीनं. अर्जेंटिनात जन्मलेले अभियंते कार्लोस ब्रेबिया यांनी १९७८ मध्ये तिच्यावर पाठ्यपुस्तक लिहिलं. या पद्धतीत समुद्राचे तुकडे पाडावे लागत नाहीत. फक्त जहाजाच्या पृष्ठभागाचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, आणि मधल्या सगळ्या पाण्याचा हिशेब त्या चौकोनांवरून निघतो. डॅन्सन आणि वॉर्न यांनी १९८३ मध्ये ही पद्धत विद्युत संरक्षणाला लावून दाखवली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जपानमध्ये शिगेरू आओकी यांनी ती पुढे नेली.

आता जहाज बांधण्याआधी त्याच्या तळाचा विभव-नकाशा पडद्यावर रंगांत पाहता येऊ लागला. अॅनोड दोन मीटर पुढे सरकवला तर प्रोपेलरच्या मागे काय होईल, रंग दहा टक्के उडाला तर किती प्रवाह वाढेल, मापक कुठे बसवला म्हणजे तो सबंध तळाचं खरं सांगेल, हे जहाज पाण्यात उतरण्याआधी तपासता येऊ लागलं. १९९० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हर्जिनिया डीजॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिकृतीतली मोजमापं आणि संगणकाची उत्तरं समोरासमोर ठेवली. मेळ चांगला बसला. पण त्यातून एक गोष्ट लखलखीत दिसली. समीकरण सगळीकडे एकच आहे. उत्तर खरं येईल की नाही, हे अवलंबून आहे त्या त्या पाण्यात तो तो धातू कसा वागतो, याच्या प्रत्यक्ष मोजमापावर. या मोजमापाची जी वक्ररेषा संगणकात घातली, तिच्यापेक्षा चांगलं उत्तर संगणक देऊ शकत नाही.

हा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. मुंबईच्या नौदल गोदीत १९५३ मध्ये नौदलाची रसायन आणि धातुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे ती संरक्षण संशोधन संस्थेकडे गेली आणि आज अंबरनाथला नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी म्हणून काम करते. समुद्रातला गंज हा तिचा मूळ विषय. माझगाव गोदीनं बांधलेली ‘नीलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली, तेव्हापासून मोठ्या युद्धनौका आपणही बांधत आलो आहोत. पण त्या ज्या पाण्यात तरंगतात ते अटलांटिकचं पाणी नव्हे. अरबी समुद्र उबदार आहे. संरक्षण मिळालेल्या पोलादावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा पांढरा थर बसतो आणि प्रवाहाची गरज घटवतो, आणि तो थर उबदार पाण्यात वेगळ्या गतीनं धरतो. मुंबई बंदरात पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी उतरतं, खारेपणा घटतो, आणि त्याबरोबर वाहकताही. शेवाळ आणि बार्नेकल बारमाही वाढतात. परदेशी पुस्तकातली वक्ररेषा इथल्या मॉडेलमध्ये जशीच्या तशी घालून चालत नाही. ती इथे, आपल्या बंदरात, ऋतूगणिक मोजावी लागते.

आणि हे मोजमाप फक्त किनाऱ्याचं काम नाही. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ पोलादी दरवाजे वर्षानुवर्षं वैनगंगेच्या पाण्यात उभे आहेत. नदीच्या पाण्याची वाहकता कमी, त्यामुळे संरक्षणाचा प्रवाह दूरवर पोचत नाही, अॅनोड जवळजवळ बसवावे लागतात. किती जवळ, हे सांगणारं समीकरण जहाजाचंच आहे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी वैनगंगेच्या पाण्यात पोलादाचे तुकडे टांगावेत, महिन्यामहिन्याला विभव आणि प्रवाह मोजावा, आणि त्या आकड्यांवर मॉडेल उभं करावं. त्याला लागणारा संगणक आज साध्या प्रयोगशाळेतही असतो. डेव्हींच्या हाती सिद्धांत होता, कोचीनला बांधलेलं जहाज होतं, सबंध ब्रिटिश नौदलाचं बळ होतं. त्यांना कमी पडलं ते माप. आपल्यापाशी माप घेण्याचं साधन आहे, तेव्हा ते आपल्या पाण्यात घेणं हे आपलंच काम आहे.